कामावरचा मुका मार

अंगावर काठी पडली तर वळ उठतो. वळ दाखवून पंचांपुढें न्याय मागतां येतो. मुका मार मात्र वरून दिसत नाहीं. आंत रक्त साकळतें, माणूस आठ दिवसांनीं कण्हूं लागतो, आणि लोक विचारतात, तुला झालें तरी काय? आज आमच्या शेतकरी व कारागीर घरांतील मुलेंमुली ज्या कारखान्यांत, दवाखान्यांत, कचेऱ्यांत, दुकानांत व शाळांत कामाला जातात, तेथें पुष्कळांना हा मुका मार बसत आहे. हात उगारलेला नाहीं, पगार कापलेला नाहीं, तरी माणूस दिवसेंदिवस खचत जातो. ह्याला मानसिक छळ म्हणतात. हा छळ ओळखावा कसा, ह्याविषयीं आज आम्ही वाचकांशीं चार शब्द बोलणार आहों. कारण जो रोग ओळखतांच येत नाहीं त्याच्यावर कोणी औषध देऊं शकत नाहीं.

आमच्या घरांत हा छळ ओळखला जात नाहीं ह्याचें कारण उघड आहे. आमच्या आजेपणजांनीं जो त्रास भोगला तो अंगानें भोगला. ऊन, पाऊस, सावकाराची जप्ती, मुकादमाची काठी, उपाशी पोट, हा आमचा त्रासाचा हिशोब. त्या मापानें मोजलें म्हणजे पंख्याखालीं खुर्चींत बसणाऱ्या पोराला त्रास तो कसला, असें बापाला वाटतें. पोरगा सणाला घरीं येतो, जेवतांना गप्प बसतो, आणि धीर करून सांगूं लागतो कीं साहेब मला नीट वागवीत नाहींत. बाप म्हणतो, "मग काय साहेबानें तुला पाटावर बसवून ओवाळायचें? नोकरी म्हटली कीं बोलून घ्यावेंच लागतें." चुलता म्हणतो, "दोन शब्द ऐकल्यानें अंगाला भोकें पडत नाहींत." आई बिचारी अंगारा लावते. पोरगा दुसऱ्या दिवशीं एस. टी. धरून परत जातो आणि पुन्हां त्या विषयावर घरांत तोंड उघडीत नाहीं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. बुक्क्या मारणारा तिकडे असतो. तोंड दाबण्याचें काम, नकळत कां होईना, आपण घरचीं माणसें करतों.

हा छळ कसा चालतो तें एका उदाहरणानें सांगतों. आमच्या गांवच्या शाळेंत शिकलेला एक सुताराचा मुलगा शहरांत लांकडी सामानाच्या एका कारखान्यांत लागला. हातांत कसब होतें, चार वर्षांत खाडा असा नव्हता. एके दिवशीं जादा कामाच्या पैशाचा हिशोब त्यानें चारचौघांत मागितला. त्या दिवशीं त्याला कोणी कांहीं बोललें नाहीं. पण दुसऱ्या आठवड्यापासून रंधा व पटाशी त्याच्या हातून गेलीं आणि दारापाशीं स्टुलावर बसून खिळे मोजण्याचें काम आलें. महिन्यांत चार वेळां पाळी बदलली, तीही आदल्या रात्रीं फोनवर सांगून. इतरांना दहा मिनिटें उशीर चालत असे. ह्याला दोन मिनिटांसाठीं लेखी जाब विचारला गेला. मुकादम सर्वांदेखत त्याला 'वकीलसाहेब' म्हणून हांक मारी आणि बाकीचे हंसत. न हंसावें तर उद्यां आपला नंबर लागेल ही त्यांना धास्ती. हळूहळू डबा खातांना त्याच्याजवळ कोणी बसेना. सात महिन्यांनीं त्यानें स्वतःच्या हातानें राजीनामा लिहिला. मालकाच्या दप्तरीं नोंद झाली कीं कामगार स्वखुषीनें गेला. गांवांत बोलणें झालें कीं पोरगा टिकला नाहीं. शेळी जाते जिवानिशीं आणि खाणारा म्हणतो वातड!

ह्या हकीगतींतली एक एक गोष्ट सुटी काढून पाहा. पाळी बदलणें हा मालकाचा अधिकार आहे. उशीर झाला तर जाब विचारणें गैर नाहीं. 'वकीलसाहेब' ही कांहीं शिवी नव्हे. खिळे कोणीतरी मोजायलाच हवेत. ह्यांतली एकही गोष्ट घेऊन हा मुलगा पंचांपुढें गेला असता तर पंच हंसले असते. पण ह्या गोष्टी एकाच माणसावर, एका मागून एक, महिनोन् महिने येऊं लागल्या म्हणजे त्या किरकोळ राहत नाहींत. पाण्याचा एक थेंब दगडाला कांहीं करीत नाहीं. थेंबाथेंबानें दगडाला खळगा पडतो. मानसिक छळ ओळखण्याची पहिली व मुख्य खूण हीच. घाव केवढा हें पाहूं नका. घाव कितींदा, कोणावर आणि कशासाठीं, तें पाहा.

ही खूण आम्हीं आमच्या पदरची सांगितलेली नाहीं. स्वीडन देशांत हाइन्झ लायमन (१९३२-१९९९) नांवाचे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. कामाच्या जागीं छळलेल्या शेंकडों माणसांच्या हकीगती त्यांनीं ऐकल्या व छळाच्या ४५ रीती नोंदवून काढल्या. आठवड्यांतून निदान एकदां व निदान सहा महिने असा त्रास एकाच माणसाला होत राहिला तर त्याला छळ म्हणावें, असें माप त्यांनीं घालून दिलें. ह्या प्रकाराला त्यांनीं 'मॉबिंग' असा शब्द वापरला. तो मूळचा पशुपक्ष्यांच्या वागणुकीवरून आलेला आहे. दिवसां शेतांत घुबड दिसलें कीं कावळे जमून त्याला कसे टोचटोचून हाकलतात तें आमच्या शेतकरी वाचकांना सांगायला नको. एका कावळ्याच्या चोंचीनें घुबड मरत नाहीं. पण सगळ्यांनीं मिळून धरल्यावर त्याला झाड सोडावेंच लागतें.

लायमन यांनीं ह्या ४५ रीतींचे पांच गट पाडले आहेत. आमच्या बोलींत सांगायचें तर ते असे. पहिला, माणसाला बोलूं न देणें: त्याचें वाक्य तोडणें, सर्वांसमोर ओरडणें, त्याच्या कामांत सदां खोड काढणें. दुसरा, त्याला वाळींत टाकणें: त्याच्याशीं न बोलणें, इतरांना बोलूं न देणें, त्याची बसण्याची जागा लांब कोपऱ्यांत नेणें. वाळींत टाकणें म्हणजे काय हें आमच्या समाजाला नव्यानें शिकवायला नको! तिसरा, त्याची अब्रू घालविणें: मागून कुजबुज, चालण्याबोलण्याच्या नकला, घरादारावरून थट्टा. चौथा, त्याच्या कामाची माती करणें: काम काढून घेऊन रिकामें बसविणें, किंवा त्याच्या कसबाला न शोभणारें काम देणें, किंवा पुरें होऊंच नये इतकें काम देऊन मग नालायक ठरविणें. पांचवा, शरीराला धोका होईल अशा जागीं घालणें किंवा दहशत दाखविणें. वाचकांनीं हे पांच गट हातांच्या पांच बोटांवर मोजून ठेवावेत. सुताराच्या मुलाच्या वांट्याला ह्यांतले चार आले होते.

आतां कोणी म्हणेल, एखादा मुकादम दुष्ट असेल, त्याला काय करायचें? दुष्ट माणसें सगळीकडे असतात. आमचें म्हणणें असें कीं पुष्कळदां हा छळ एका माणसाच्या स्वभावांतून येत नाहीं, तो हिशोबानें केलेला असतो. ह्याचें साऱ्या जगानें पाहिलेलें उदाहरण फ्रान्स देशांतलें आहे, आणि तें नीट समजून घेण्यासारखें आहे.

फ्रान्समध्यें टेलिफोनचें खातें पूर्वीं सरकारी होतें. पुढें त्याची 'फ्रान्स टेलिकॉम' ही कंपनी झाली व तिचे भाग खासगी लोकांना विकले गेले. कंपनींत सुमारें १,२०,००० माणसें होतीं. त्यांतलीं बहुतेक सरकारी सेवेंत लागलेलीं, म्हणून त्यांना सहजासहजीं काढून टाकतां येत नव्हतें. २००६ ते २००८ ह्या तीन वर्षांत २२,००० माणसें कमी करावयाचीं असें वरच्या साहेबांनीं ठरविलें. काढतां येत नाहींत, मग कमी करायचीं कशीं? कंपनीचे मुख्य अधिकारी दिदिये लोम्बार यांनीं ऑक्टोबर २००६ मध्यें आपल्या अधिकाऱ्यांसमोर सांगितलें कीं हीं माणसें मी ह्या ना त्या मार्गानें घालवीनच, दारानें जावोत कीं खिडकीनें. मग सुरू झालें तें हें: मनाविरुद्ध लांबच्या बदल्या, वर्षानुवर्षें केलेलें काम काढून घेणें, तारा जोडणाऱ्या कारागिराला फोनवर माल विकायला बसविणें, एकाला कामाचा डोंगर तर दुसऱ्याला रिकामें टेबल, आणि तुम्ही दुसरीकडे नोकरी कां पाहत नाहीं अशीं वारंवार पत्रें. किती माणसें घालविलीं ह्यावर खालच्या साहेबांच्या बक्षिसाची रक्कम ठरे. वरून हुकूम, खालीं इनाम. मग मधल्या माणसाची दया कोठें राहणार?

ह्याचा परिणाम काय झाला? कित्येक कामगारांनीं जीव दिला. २००९ च्या जुलै महिन्यांत मार्सेय शहरांतल्या एकानें मरणापूर्वीं लिहून ठेविलें कीं माझ्या मरणाला माझें काम हेंच एक कारण आहे. तेव्हां सारा देश हादरला. मुख्य साहेबांनीं त्या सप्टेंबरांत ह्या मरणांना आत्महत्येची 'फॅशन' म्हटलें, आणि लोक खवळल्यावर त्या शब्दाबद्दल माफी मागितली. खटला दहा वर्षें रेंगाळला. न्यायालयानें ३९ माणसांच्या हकीगती तपासल्या: १९ जणांनीं जीव दिला होता, १२ जणांनीं तसा प्रयत्न केला होता, आणि ८ जण मनाच्या दुखण्यानें अंथरुणाला खिळले होते किंवा कामावर जाण्यास असमर्थ झाले होते. २० डिसेंबर २०१९ रोजीं पॅरिसच्या न्यायालयानें कंपनी व तिचे वरिष्ठ अधिकारी यांना दोषी ठरविलें. मुख्य साहेबांना एक वर्षाची कैद, त्यांतले आठ महिने स्थगित, व १५,००० युरो दंड. कंपनीला ७५,००० युरो दंड. २०२२ च्या अपिलांत कैद पूर्ण स्थगित झाली, म्हणजे तुरुंगांत कोणी गेलें नाहीं. पण दोष कायम राहिला, आणि २१ जानेवारी २०२५ रोजीं फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानें शिक्कामोर्तब केलें कीं कंपनीचें धोरणच छळाचें असूं शकतें. अमक्या साहेबानें तमक्या नोकराला समोरासमोर छळलें असें प्रत्येक वेळीं दाखवावें लागत नाहीं.

एकोणीस जिवांपुढें ही शिक्षा फारच थोडी आहे, हें आम्हीही म्हणतों. परंतु ह्या खटल्यानें एक मोठी गोष्ट उजेडांत आणली. ज्याला काढतां येत नाहीं, किंवा ज्याला काढलें तर पैसे भरावे लागतात, त्यानें आपण होऊन निघून जावें ह्यासाठीं छळ केला जातो. राजीनामा त्याच्या हातचा, सही त्याची, आणि नुकसानही त्याचेंच. म्हणून दुसरी खूण अशी: ह्या सगळ्या त्रासाचा शेवट आपल्याच हातानें राजीनामा लिहिण्यांत होणार आहे असें दिसूं लागलें, तर समजावें कीं हा त्रास उगाच चाललेला नाहीं.

फ्रान्सला हा न्याय करतां आला, कारण तेथें १७ जानेवारी २००२ पासून मानसिक छळ हा कायद्यानें गुन्हा ठरलेला आहे. ज्या वारंवार कृत्यांच्या हेतूनें किंवा परिणामानें कामाची स्थिति बिघडते आणि माणसाच्या हक्काला, प्रतिष्ठेला, शरीराच्या किंवा मनाच्या आरोग्याला, किंवा पुढच्या उपजीविकेला धक्का पोंचूं शकतो, तो छळ, अशी त्या कायद्याची मांडणी आहे. 'हेतूनें किंवा परिणामानें' हे शब्द मोलाचे आहेत. माझ्या मनांत तसें नव्हतें, मी आपली थट्टा करीत होतों, असें म्हणून साहेबाला सुटतां येत नाहीं. स्वीडननें तर १९९३ सालींच ह्याविषयीं नियम केले होते. कॅनडांतल्या क्यूबेक प्रांतानें १ जून २००४ पासून कायदा लागू केला. त्यांत एकदांच घडलेलें पण कायमची इजा करणारें गंभीर वर्तनही छळ धरलें आहे. दक्षिण कोरियानें जुलै २०१९ पासून कामाच्या जागचा असा छळ कायद्यानें मना केला.

आतां दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहींतर आमच्यावर एकांगीपणाचा आरोप येईल. प्रत्येक कडक साहेब छळवादी नसतो, आणि प्रत्येक रागाचा शब्द छळ नसतो. लोहाराच्या भात्यापाशीं शिकणाऱ्या पोराला वस्ताद ओरडतो, "अरे घण असा धर, नाहींतर बोटें जातील!" हा छळ नव्हे, त्यांत पोराच्या बोटांची काळजी आहे. पण त्याच पोराच्या हातीं सहा महिने घणच द्यायचा नाहीं आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगायचें कीं ह्याच्या हातून कांहीं होत नाहीं, हा मात्र छळ. शंका आली तर चार प्रश्न विचारावेत. बोलणें कामावर आहे कीं माणसावर? नियम सगळ्यांना सारखा आहे कीं एकट्यालाच? चूक दाखवितांना ती सुधारण्याचा रस्ताही दाखविला जातो कां? आणि काम सुधारल्यावर बोलणें थांबतें कां? शिस्त असेल तर काम सुधारतांच ती शांत होते. छळ असेल तर काम जितकें चांगलें होईल तितका तो वाढतो. कारण त्याला काम सुधारायचेंच नसतें.

घरच्या माणसांना कामाच्या जागचें कांहीं दिसत नाहीं. पण माणूस घरीं येतो, आणि त्याच्या अंगावर खुणा असतात, पाहणारा पाहिजे. सुटीच्या दिवशीं संध्याकाळ झाली कीं पोटांत दुखूं लागतें. रात्रीं दोन वाजतां डोळे उघडे. फोन वाजला कीं दचकतो. पूर्वीं गडी-मित्रांत बसणारा आतां एकटा बसतो. लेकराबाळांवर विनाकारण ओरडतो आणि मागाहून रडतो. कोणाला दारूचा आधार लागतो, कोणाचें जेवण तुटतें. सगळ्यांत वाईट खूण म्हणजे तो म्हणूं लागतो, "माझ्यांतच कांहीं दम नाहीं." ज्या हातांनीं काल उत्तम काम केलें त्याच हातांवरचा त्याचा विश्वास उडतो. हें ऐकलें म्हणजे आईबापांनीं व बायकोनें समजावें कीं मार आंतपर्यंत पोंचला आहे. अशा वेळीं "धीर धर, सहन कर" एवढेंच सांगणें म्हणजे मोडलेल्या हातावर ओझें देण्यासारखें आहे.

कोणी म्हणतील, आपला पोरगाच हळवा. लायमन यांचें ह्यावर स्पष्ट मत होतें कीं छळाचें मूळ छळलेल्याच्या स्वभावांत शोधूं नये, तें कामाच्या व्यवस्थेंत शोधावें. काम कोणी कोणाला द्यावें ह्याला धरबंध नाहीं, तक्रार कोठें करावी ह्याला जागा नाहीं, आणि वरचा साहेब पाहून न पाहिल्यासारखें करतो, अशा ठिकाणीं कोणीही बळी पडतो. हळवेपणा हा पुष्कळदां छळाचा परिणाम असतो, कारण नव्हे.

तरीपण बळी निवडतांना जात, बोली आणि घराणें पाहिलें जातें, हें आम्ही झांकून ठेवणार नाहीं. खेड्यांतून आलेला पोरगा 'व्हतं', 'न्हाई' म्हणाला कीं टेबलाटेबलांवर हंसूं. राखीव जागेवरून लागला असेल तर त्याची प्रत्येक चूक जातीच्या खात्यावर आणि दुसऱ्याची तीच चूक नुसत्या चुकीच्या खात्यावर. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत अनुसूचित जातीजमातींच्या विद्यार्थ्यांना कसें वागविलें जातें ह्याची चौकशी प्राध्यापक सुखदेव थोरात यांच्या समितीनें केली व २००७ सालीं अहवाल दिला. वसतिगृह, खानावळ आणि शिक्षकांची वागणूक, सगळीकडे ह्या मुलांना वेगळें पाडलें जातें असें त्यांत नमूद आहे. डॉक्टर होऊं पाहणाऱ्यांची ही कथा, मग झाडूवाल्याची व शिपायाची काय असेल?

पण ह्याच दमांत आमच्या लोकांनाही चार शब्द सुनावणें आमचें कर्तव्य आहे. आज साहेबाच्या खुर्चीवर आमचेही भाऊबंद बसले आहेत. ठेकेदार आमचा, साखर कारखान्याचा संचालक आमचा, शिक्षणसंस्थेचा चालक आमचा. त्यांतले कित्येक आपल्या हाताखालच्या माणसाला असें वागवितात कीं जुन्या सावकारानें लाजावें. अंगणवाडीच्या बाईला चारचौघांत "उद्यांपासून येऊं नका" म्हणून धमकावणारा पुढारी कोणत्या जातीचा आहे हें पाहून तिचें दुःख कमी होत नाहीं. आणि आमच्या कारागीर घरांत, शिकाऊ पोराला अद्वातद्वा बोलल्याशिवाय विद्या येत नाहीं अशी जी समजूत आहे, तीही आतां पुरून टाकली पाहिजे. लहानपणीं वर्गांत आणि दुकानांत अपमान गिळायला शिकलेलें पोर मोठेपणीं साहेबाचा छळ ओळखणार कसें?

आमच्या देशांत ह्यावर इलाज काय आहे? आहे तो तुकड्यातुकड्यांनीं आहे. स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. त्याचें मूळ राजस्थानांतल्या एका कुंभाराच्या घरच्या बाईच्या दुःखांत आहे. बालविवाह थांबविण्याचें सरकारी काम केलें म्हणून १९९२ सालीं तिच्यावर अत्याचार झाला, आणि त्यांतून १९९७ चा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल निघाला. दहा किंवा अधिक माणसें कामाला असतील तेथें तक्रार समिति असलीच पाहिजे. त्याहून लहान जागीं काम करणाऱ्या बाईसाठीं जिल्ह्याची समिति आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आंत करावी लागते. अनुसूचित जातीजमातींच्या माणसाचा चारचौघांत हेतुपूर्वक अपमान केला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. महाराष्ट्रानें १९७१ सालीं केलेल्या कायद्यांत धोरणाच्या बुरख्याखालीं वाईट हेतूनें केलेली बदली ही मालकाची अनुचित प्रथा म्हणून नोंदविली आहे. परंतु पुरुष असो कीं स्त्री, कोणत्याही जातीचा असो, कामाच्या जागीं मनाचा छळ झाला तर हा गुन्हा, असें एका जागीं सांगणारा कायदा आमच्याकडे झालेला नाहीं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनें २१ जून २०१९ रोजीं १९० क्रमांकाचा करार मंजूर केला. तो २५ जून २०२१ पासून अंमलांत आला. त्यांत कायम नोकरच नव्हे तर शिकाऊ, रोजंदार व असंघटित कामगारही धरले आहेत. २०२४ अखेर भारतानें तो स्वीकारलेला नव्हता.

असा कायदा झाला तर कोणी कोणाला कामच सांगूं शकणार नाहीं, अशी ओरड मालकवर्ग करील. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि १० जून १८९० रोजीं गिरणी मालकांना रविवारची सुटी कबूल करावी लागली. त्या सुटीनें गिरण्या बुडाल्या नाहींत. शरीराला विसावा हवा हें तेव्हां मान्य झालें. मनालाही इजा होते हें आज मान्य व्हावें, एवढेंच आमचें मागणें आहे.

तोंवर आमच्या वाचकांनीं काय करावें? पहिलें, एक वही करावी. तारीख, वेळ, जागा, कोण काय बोलला, त्याच शब्दांत, आणि जवळ कोण होतें, हें त्याच दिवशीं लिहावें. फोनवर आलेले निरोप पुसूं नयेत. मुका मार दिसत नाहीं; वही त्याला दिसता करते. दुसरें, घरांत निदान एका माणसाला सगळें सांगावें, आणि त्या माणसानें उपदेश न करतां ऐकावें. तिसरें, झोप व जेवण तुटलें तर डॉक्टरकडे जावें, कामाच्या जागीं काय चाललें आहे तें त्याला सांगावें व कागद जपून ठेवावा. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी फोन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तेथें मराठींत बोलतां येतें व पैसे पडत नाहींत. जीव नकोसा झाला असें जो म्हणतो त्याला एकटें सोडूं नये. चौथें, तक्रार लेखी करावी, पोंच घ्यावी, आणि युनियन असेल तर तिला बरोबर घ्यावें. पांचवें, रागाच्या भरांत राजीनामा लिहूं नये. सोडायचेंच असेल तर घरीं विचार करून, हिशोब मागून, डोकें शांत ठेवून सोडावें. नोकरी गेली तर दुसरी पाहतां येते. माणूस गेला तर दुसरा मिळत नाहीं, हें कर्जाच्या धाकांत असलेल्या बापानेंही विसरूं नये.

आणि शेवटचें सांगणें, जे छळलेले नाहींत पण रोज पाहत आहेत, त्यांना. एकट्या मुकादमाच्यानें एवढें कांहीं होत नाहीं; बाकीचे हंसतात, खालीं पाहतात आणि डबा उचलून दुसरीकडे बसतात, म्हणून त्याचें फावतें. ज्याच्याजवळ कोणी बसत नाहीं त्याच्याजवळ उद्यां दुपारीं तुम्ही आपला डबा घेऊन जाऊन बसा. त्याला कायदा लागत नाहीं, पैसा लागत नाहीं. दोघे बसले कीं तिसरा येतो, आणि तिघांच्या तोंडून निघालेली तक्रार साहेबाला हंसण्यावारी नेतां येत नाहीं.